गळाचे वाङ्मय

एखादा ग्रंथ पंचवीस वर्षे वर्गात शिकविला म्हणजे तो आपणांस समजला, असा आम्हां प्राध्यापकांचा एक सुखद समज असतो. आयझॅक वॉल्टनच्या 'कंप्लीट अँग्लर' या ग्रंथाविषयी आमचाही तसाच समज होता. गळाने मासे धरण्याची कला सांगणाऱ्या या १६५३ सालच्या पुस्तकातील काही उतारे आम्ही इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आलो. वाक्यांची सैल पण डौलदार ठेवण, संवादाचा मोकळेपणा, मध्येच येणारी गवळणींची गाणी, हे सर्व आम्ही मोठ्या हौसेने उलगडून दाखवीत असू. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, ट्राउट म्हणजे आपल्याकडचा कुठला मासा? तो चढणीला येतो का?" मुलगा मुळशीकडचा होता. आम्ही उत्तर दिले, "तो विलायती मासा आहे," आणि पुढच्या ओळीकडे वळलो. 'चढणीला येणे' म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही असे कबूल करण्याचे धैर्यही त्या वेळी झाले नाही. आमच्या घरात मासा शिजत नसे. नदी आम्हांस ठाऊक होती ती घाटाच्या पायरीवरून, स्नानाच्या निमित्ताने.

त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस बऱ्याच वर्षांनी, आणि तेही त्याच्याच घरी, मिळाले. आता तो स्वतः शिक्षक असून ताम्हिणीस राहतो. त्याच्या आग्रहावरून एका ज्येष्ठात आम्ही तेथे गेलो. रात्रभर पावसाने झोडपले होते. सकाळी पाहतो तो गावातील निम्मी माणसे ओढ्यावर. गढूळ पाणी दगडांवरून खळाळत खाली येत होते आणि त्या पाण्याच्या उलट, जेथे बोटभर खोलीही नाही अशा जागेतून, मासे अंग घुसळीत वर चढत होते. कोणी टोपली धरली होती, कोणी ओढ्याच्या तोंडाशी बांबूची खोयन लावली होती, पोरे नुसत्या हातांनी झडप घालीत होती. हीच ती 'चढण'. कोणी तिला 'वलगण' म्हणतात. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर नदीतले मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांत आणि भातखाचरांत शिरतात. हे पाहत असता आमच्या मनात वॉल्टनचे सॅमन माशावरील प्रकरण एकाएकी जिवंत झाले. ते आम्ही कधी शिकविले नव्हते. त्यात भाषासौंदर्य कमी आहे म्हणून गाळीत असू.

आज आम्हांस ते प्रकरण ग्रंथातील उत्तम प्रकरणांपैकी एक वाटते. सॅमन नदीच्या वरच्या अंगाला, खड्यांच्या तळात जन्मतो. काही काळ गोड्या पाण्यात वाढून समुद्रात जातो. आणि अंडी घालण्यास पुन्हा आपल्याच नदीत परततो. तो खरोखर त्याच नदीत परततो हे ठरवावे कसे? वॉल्टन सांगतो की, समुद्राकडे निघालेली काही पिले बांधाशी धरून त्यांच्या शेपटीस फीत किंवा दोरा बांधण्यात आला आणि सुमारे सहा महिन्यांनी त्याच जागी ती खूण अंगावर असलेले मासे पुन्हा सापडले. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या लंडनमधील एका दुकानदाराने हे टिपून ठेवावे, ही लहान गोष्ट नव्हे. अर्थात याच दुकानदाराने पाइक नावाचा मासा एका पाणवनस्पतीपासून उत्पन्न होतो हे मतही जुन्या पंडितांच्या आधाराने गंभीरपणे नोंदविले आहे. परंतु त्यामुळे ग्रंथाची गोडी कमी होत नाही. ऐकीव आणि पाहिलेले यांची सरमिसळ करणारा, तरीही पाण्याशी तासन्‌तास बसलेला असा हा माणूस आहे, आणि त्याचे बसणे प्रत्येक पानात जाणवते.

ट्राउटचे म्हणाल तर तो सॅमनचाच नातलग. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्याचा मासा. आपल्या सह्याद्रीतील ओढे उन्हाळ्यात आटतात किंवा तापतात, म्हणून तो येथे रुजणे शक्य नव्हते. इंग्रजांनी त्याची अंडी बर्फात घालून जहाजाने आणली ती काश्मीर, निलगिरी अशा थंड प्रदेशांसाठी. लहान नदीवर ट्राउट धरणे ही त्यांच्या दृष्टीने कलाच आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीसारखी दिसणारी पिसांची व रेशमाची 'माशी' गळास बांधावयाची आणि ती अशी अलगद टाकावयाची की माशास तिचा संशय येऊ नये. या विषयात वॉल्टन फारसा प्रवीण नव्हता, म्हणून १६७६ च्या आवृत्तीत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने डव्ह नदीच्या अनुभवावरून दुसरा भाग जोडला. आमच्या मते कारागिरीत कॉटन सरस आहे. परंतु पुस्तक ज्याच्यामुळे टिकले तो वॉल्टनच होय.

ते टिकले कशामुळे, याविषयी मात्र आमचे मत पूर्वीसारखे राहिलेले नाही. 'शांती' हे त्याचे उत्तर ठरलेले असे. चार्ल्‌स राजाचा शिरच्छेद १६४९ सालचा. देश यादवीने पोळलेला. वॉल्टन स्वतः राजपक्षाचा. आणि अशा काळी तो नदीकाठच्या कुरणांतून, खानावळीतील लव्हेंडरचा वास असलेल्या चादरींविषयी बोलत जातो! ही शांती आम्ही वर्गात मोठ्या भक्तीने वर्णिली. पुढे वाटू लागले की, ही शांती गप्प राहून मिळविलेली आहे. ज्या रणांगणांवर त्याच्या ओळखीची माणसे मेली असतील त्यांचा तो उच्चार करीत नाही. हा दोष म्हणावयाचा की संयम, हे वाचकाने ठरवावे. आम्ही तो संयम मानतो. पण तो मानताना पूर्वीसारखे निर्धास्त वाटत नाही.

बायरनचा आक्षेप वेगळाच होता. 'डॉन जुआन'मध्ये त्याने या म्हाताऱ्याला क्रूर ठरवून, त्याच्याच घशात गळ अडकवून एखाद्या लहानशा ट्राउटने त्यास ओढावे, अशी इच्छा व्यक्त केली. इंग्रज टीकाकार ही थट्टा म्हणून सोडून देतात. मराठी वाचकास ती थट्टा वाटणार नाही, कारण आपले सगळे संतवाङ्मय त्याच बाजूस उभे आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत मीन आहे. तो जिभेच्या लोभाने गळास लागतो आणि म्हणून शिकवितो. एकनाथांनी हा प्रसंग मराठीत विस्ताराने आणला. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीची तळमळ हे तर विरहाचे आपले नेहमीचे चित्र. म्हणजे इंग्रजी लेखक गळाकडे काठावरून पाहतो, तर आपला कवी गळाच्या टोकाकडून, माशाच्या घशातून पाहतो. ही केवळ दयेची गोष्ट नव्हे. दृष्टीची गोष्ट आहे. यातून महान काव्य निर्माण झाले. परंतु या दृष्टीस मासा कोणत्या जातीचा, तो काय खातो, कोणत्या पावसात कोणत्या ओढ्यात चढतो, यांचे काही प्रयोजन उरत नाही. जीवात्म्यास जात नसते.

यावर कोणी म्हणेल की गळाची करमणूक ही साहेबी चाल. आपल्या वाङ्मयात ती कशाला हवी? हे म्हणणे आम्हांस इतिहासास धरून वाटत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. गायकवाड ओरिएंटल सीरीजसाठी हा ग्रंथ गजानन श्रीगोंदेकरांनी संपादिला आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यातील मत्स्यविनोदाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. समुद्रातील व नद्यांतील पस्तीसेक मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असा भेद, काठी, दोर, गळ, आमिष, आणि मासे एका जागी जमावेत म्हणून आधीपासून घालावयाचे खाद्य, हे सर्व तेथे आहे. वॉल्टनच्या आधी पाचशे वर्षे! आमच्या देशाभिमानी वाचकांस याने आनंद होईल आणि तो आम्हांसही झाला. पण आनंद ओसरल्यावर ग्रंथ पुन्हा पाहिला. तेथे कृती आहे, माहिती आहे. नदीकाठी बसलेला माणूस नाही. राजाचा विनोद राजाच्या सोयीने होतो. सकाळचे धुके, हुकलेला मासा, आणि हुकल्यावर स्वतःवरच आलेले हसू, यांना त्या रचनेत जागा नाही. गंमत अशी की, दळताकांडताना महाराष्ट्रातील स्त्रिया गात असलेल्या ओवीचा उल्लेख याच ग्रंथात आहे. राजाच्या कानाला जात्या-उखळाजवळचे गाणे पोहोचले. भोयाचे किंवा कातकऱ्याचे नदीविषयीचे ज्ञान त्याला कोणी सांगितले असेल, त्या माणसाचे नाव मात्र कोठेच नाही.

हे नाव नसणे पुढे साहेबाच्या काळीही चालू राहिले, तरी एका बाबतीत साहेबाने प्रामाणिकपणा दाखविला. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनमध्ये हिंडला. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि लॅटिन नावे देताना कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्द त्याच्या कानाला लागले तसे ठेवून दिले : खुद्री, नुक्ता, रोहटी. त्यातील खुद्री म्हणजे आपला दख्खनी म्हसीर. तो त्यास पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला. जगातील प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञ आज त्या माशास 'टॉर खुद्री' म्हणतो. मुळा-मुठेच्या काठी राहून आम्हीच तो शब्द पन्नाशी उलटल्यावर प्रथम ऐकला. साइक्सच्या लेखात वाङ्मय नाही, पण त्यात मराठी आहे. हा हिशेब आम्हांस अजून नीट जुळविता आलेला नाही.

म्हसीराचे वाङ्मय लिहिले ते मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस याने. त्याचा 'रॉड इन इंडिया' १८७३ चा. आकारमानाच्या मानाने म्हसीर सॅमनपेक्षा अधिक झुंज देतो, हे त्याचे मत इंग्रज शिकाऱ्यांत फार गाजले. टॉमसचे गद्य खेळकर आहे, निरीक्षण सूक्ष्म आहे, आणि प्रजेच्या अन्नाचा प्रश्न म्हणून माशांच्या रक्षणाचा विचारही तो करतो. तरीही एक उणीव सतत बोचते. त्याच्या मागे टोपली घेऊन उभा असलेला माणूस, ज्याला डोह ठाऊक होता, तो पानावर येतो तो सामानासारखा. वॉल्टनच्या पुस्तकात गवळण गाते, खानावळवाली बोलते, वाटेत भेटलेला शिकारी शिष्य होतो. टॉमसच्या नदीवर मात्र संवाद नाही, हुकूम आहे. आमच्या मते इंग्रजी मत्स्यवाङ्मय हिंदुस्थानात येऊन उणे झाले ते मासा बदलल्याने नव्हे, तर सोबती गमावल्याने.

ताम्हिणीस दुसऱ्या दिवशी उघडीप होती. आमचा शिष्य आम्हांस एका वृद्ध कातकऱ्याकडे घेऊन गेला. तो डोहाच्या कडेला बांबूची काठी घेऊन बसला होता. आम्ही कुतूहलाने पुढे झालो तोच तो म्हणाला, "गुरुजी, मागं सरा. तुमची सावली पडली पाण्यात. आता तो घटकाभर यायचा नाय." वॉल्टन सांगतो की, सूर्य समोर ठेवावा, वारा पाठीवर घ्यावा आणि पाण्यापासून होईल तितके दूर राहावे. हे वाक्य आम्ही किती वेळा मोठ्याने वाचले असेल! सावली मागे घेऊन आम्ही खडकावर बसलो. तासभर काहीही झाले नाही. मग बोटाएवढा एक मासा लागला. तो त्याने न्याहाळला आणि काही न बोलता परत सोडला. का सोडला असे विचारता म्हणाला, "पोटात अंडी हायेत." आदल्या दिवशी ओढ्यावर याच गावात अंड्यांनी भरलेले मासे टोपल्यांनी धरले जात होते. ही विसंगती आम्ही त्याच्यापुढे मांडली. तो म्हणाला, "ते सगळ्यांचं असतं. ह्यो माझ्या गळाला आला." या उत्तराचा अर्थ आम्ही लावीत बसलो आहोत. वॉल्टनास तो कदाचित लगेच कळला असता.

ताम्हिणीचा माथा पाणलोटाचा आहे. एका उतारावरचे पाणी कोकणात उतरते, दुसऱ्यावरचे पूर्वेस मुळशीच्या जलाशयाकडे जाते. पूर्वी ते मुळेतून भीमेस, भीमेतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास जात असे. आता जलाशयातील पाणी बोगद्यांतून घाटाखाली भिरा येथील वीजगृहावर पडते आणि कुंडलिकेतून अरबी समुद्रास मिळते. टाटांचे हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. त्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस सुरू झालेला मुळशी सत्याग्रह, सेनापती बापटांचे नेतृत्व, आणि १९२४ पर्यंत चाललेला लढा वाचकांस ठाऊक आहे. त्यावर मराठीत चांगले लेखन झाले आहे. सत्याग्रहात स्वतः असलेल्या वि. म. भुस्कुट्यांचा ग्रंथ १९६८ सालचा, आणि राजेंद्र व्होरा यांचा अभ्यास त्यानंतरचा. सावकार-जमीनमालकांचे हित आणि जमीन कसणाऱ्या मावळ्यांचे हित एक नव्हते, हे व्होरांनी ज्या निर्भीडपणे दाखविले त्यास मराठी इतिहासलेखनात तोड थोडी. सुमारे पन्नास गावांची भातशेती बुडाली, याचा हिशेब या ग्रंथांत मिळतो. पण शेताबरोबर खाचरातली वलगणही बुडाली. धरणाची भिंत जशी माणसाची वाट अडविते तशीच वर चढणाऱ्या खुद्रीचीही अडविते. तो हिशेब जमिनीच्या कागदपत्रांत असू शकत नाही. तो असलाच तर ललित गद्यात असावयास हवा होता, आणि तेथे तो नाही.

या कथेचा उत्तरार्ध अधिकच विचित्र आहे. ज्या टाटांनी नदी अडविली त्यांनीच १९७० नंतर लोणावळ्याजवळ वळवण येथे म्हसीराचे प्रजननकेंद्र उभारले. दख्खनी म्हसीराच्या अंड्यांवर व प्रजननावर सी. व्ही. कुलकर्णी यांनी केलेले काम मोलाचे आहे. तेथील लक्षावधी पिले देशभरच्या नद्यांत व तलावांत गेली. हे पुण्यकर्म म्हणून आम्ही लिहून ठेवणार होतो. परंतु कावेरीत सोडलेली खुद्री तेथे फोफावली, आणि तेथला मूळचा, पाठीला उंचवटा असलेला प्रचंड म्हसीर मागे हटला. त्या माशाची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमदेवी' म्हणून पक्की झाली ती २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीतही गेला. म्हणजे नामकरण आणि मरणाची सूचना जवळजवळ एकदमच. चांगल्या हेतूने एका नदीतले दुसरीत टाकले की काय होते, हे वाङ्मयाच्या अध्यापकास निराळे सांगावयास नको. इंग्रजी निबंधाची पिले मराठीत सोडून आम्ही तेच करीत आलो आहोत.

म्हणून कोणी 'मराठी वॉल्टन' व्हावे अशी आमची मागणी नाही. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने हे सिद्ध केले आहे की, निसर्गाकडे धीराने पाहणारे गद्य मराठीत, मराठीच्याच चालीने लिहिता येते. काका कालेलकरांच्या 'लोकमाते'त नदीवर प्रेम आहे, पण ते यात्रिकाचे प्रेम आहे. नदीच्या पोटात काय आहे याची चौकशी यात्रिक करीत नाही. उरतो तो सोबत्याचा प्रश्न. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड येथे वरदायिनी देवीच्या नावाने राखलेला डोह आहे. त्यातल्या म्हसीरांना कोणी धरत नाही. लोक त्यांना खाऊ घालतात. तेथे मासा देवाचा, ताम्हिणीस ओढ्यावर तो सगळ्यांचा, वृद्धाच्या गळाला आला तर त्याचा एकट्याचा. या तीन नात्यांचे मराठी जो लिहील त्याला डोहाची खोली माहीत असणाऱ्या माणसाशेजारी बसावे लागेल, आणि लिहिताना त्याला बोलू द्यावे लागेल.

निघण्याच्या दिवशी आम्ही त्या वृद्धास डोहांची नावे विचारली. त्याने वरपासून खालपर्यंत चौदा सांगितली. प्रत्येकाबरोबर तेथे कोणता मासा बसतो आणि कोणत्या नक्षत्रात, हेही सांगितले. शेवटची पाच सांगताना त्याने जलाशयाकडे हात केला. ती त्याने पाहिलेली नाहीत, आजाकडून ऐकलेली. आमच्या शिष्याने ती सर्व चौदा नावे शाळेच्या वहीत उतरून घेतली, आणि वृद्धाने ती पुन्हा एकदा त्याच्याकडून म्हणवून घेतली. एक चुकले होते. ते त्याने दुरुस्त केले.